विश्लेषण : जखमी हरीण नेमके कोणाचे? बाण मारणाऱ्याचे, पकडणाऱ्याचे की सरकारचे?

शिकारी हरणावर गोळी झाडतो. गोळी लागते, पण हरीण पडत नाही. रक्त सांडत ते दोन टेकड्या ओलांडते आणि पलीकडच्या शिवारात दुसराच माणूस त्याला संपवतो. आता हे हरीण कोणाचे? पहिल्यांदा जखमी करणाऱ्याचे, शेवटी मारणाऱ्याचे, की ज्याच्या जमिनीवर ते पडले त्याचे? या प्रश्नावर धर्मशास्त्रकारांनी मते दिली, रोमन कायदेपंडितांनी वाद घातले आणि अमेरिकेतील न्यायालयांनी निकाल दिले. भारतात मात्र १९७२ च्या कायद्यानंतर या प्रश्नाचे उत्तर एकच आहे : ते हरीण यांपैकी कोणाचेही नाही, ते सरकारी मालमत्ता आहे. हे उत्तर ठाऊक नसल्यामुळे रस्त्याकडेला जखमी सापडलेले हरीण घरी नेणारा सामान्य माणूसही अडचणीत येऊ शकतो. म्हणूनच हा जुना वाद आणि आजचा कायदा, दोन्ही समजून घ्यायला हवेत.

हा वाद किती जुना?

सिद्धार्थ आणि देवदत्त यांची गोष्ट बहुतेकांनी शाळेत वाचलेली असते. देवदत्ताच्या बाणाने हंस जखमी होऊन खाली पडतो, सिद्धार्थ त्याला उचलतो, बाण काढतो. देवदत्त म्हणतो, बाण माझा म्हणून हंस माझा. सिद्धार्थ म्हणतो, वाचवला मी म्हणून हंस माझा. निवाडा वाचवणाऱ्याच्या बाजूने लागतो. आपण ही गोष्ट दयेची म्हणून लक्षात ठेवतो. पण ती एका दाव्याचीही गोष्ट आहे. वादी आहे, प्रतिवादी आहे आणि प्रश्न आहे तो जखमी प्राण्यावरील हक्काचा.

महाभारताच्या वनपर्वात हाच प्रश्न अधिक तिखट होतो. तपश्चर्या करणाऱ्या अर्जुनावर मूक नावाचा दानव रानडुकराच्या रूपात चालून येतो. अर्जुन आणि किराताच्या वेशातील शंकर एकाच वेळी बाण सोडतात आणि दोन्ही बाण डुकराला लागतात. मग वाद सुरू होतो. अर्जुन म्हणतो, हे जनावर मी आधी हेरले होते, त्यावर बाण मारून तू मृगयेचा धर्म मोडलास. किरात म्हणतो, आधी नेम माझा होता आणि ते मेले माझ्याच बाणाने. दोघांत युद्ध होते. 'मृगयेचा धर्म' म्हणजे शिकारीचे संकेत. शिकार करणाऱ्यांनी एकमेकांशी कसे वागावे, याची रीत तेव्हाही गृहीत धरली जात होती, हे यातून दिसते.

मनुस्मृतीत तर या प्रश्नावर थेट उत्तर आहे. नवव्या अध्यायातील ४४ व्या श्लोकाचा आशय असा, की शेत त्याचे ज्याने झाडझाडोरा तोडून जमीन मोकळी केली आणि हरीण त्याचे ज्याचा बाण त्याला लागला. म्हणजे हक्क पहिल्या जखमेचा. ज्याने पहिले कष्ट केले, त्याचा पहिला हक्क, असा हा विचार आहे.

मग पाश्चात्त्य कायद्याने काय ठरवले?

रोमन कायदेपंडितांमध्ये यावर सरळ दोन तट होते. वन्य प्राणी हा कोणाचाच नसतो, जो पकडेल त्याचा होतो, हे दोघांनाही मान्य होते. प्रश्न होता 'पकडले' केव्हा म्हणायचे. एका मतानुसार, प्राणी पकडता येईल इतका जखमी झाला की तो त्याच क्षणी जखमी करणाऱ्याचा होतो. मात्र पाठलाग सुरू असेपर्यंतच. पाठलाग सोडला की हक्कही सुटला. दुसऱ्या मतानुसार, प्रत्यक्ष हाती येईपर्यंत तो कोणाचाच नाही, कारण मध्ये काहीही घडू शकते. इसवी सन ५३३ मध्ये सम्राट जस्टिनियनच्या संहितेने दुसरे मत उचलून धरले.

याच्या शंभरेक वर्षांनंतर इटलीतील लोम्बार्ड राजा रोथारी याने ६४३ मध्ये जो कायदा जाहीर केला, त्यात मधला मार्ग दिसतो. जखमी करणाऱ्याचा हक्क २४ तास टिकेल, असे त्यात ठरले. दुसऱ्याच्या हातून जखमी झालेले जनावर कोणाला सापडले, तर त्याला उजवा खांदा आणि सात बरगड्या मिळतील, बाकीचे शिकाऱ्याचे. मुदत आणि वाटा ठरवून दिले की भांडण मिटते, हा त्यामागचा व्यवहार. गावकीतल्या तंट्यात आपल्याकडे जसा 'दोघांचे थोडे थोडे' असा निवाडा होतो, तसाच हा.

हरणाचा खटला खरोखर न्यायालयात गेला होता का?

हो. न्यूयॉर्क राज्यातील 'बस्टर विरुद्ध न्यूकर्क' हा १८२२ मध्ये निकाली निघालेला खटला नेमका याच प्रश्नावर होता.

न्यूकर्कने एक हरीण जखमी केले. ते ठिकाण बस्टरच्या घरापासून सुमारे सहा मैलांवर होते. रक्ताच्या मागावर तो कुत्र्यांसह हरणाच्या मागे निघाला. रात्र पडली तेव्हा त्याने पाठलाग थांबवला, पण कुत्रे धावतच राहिले. इकडे बस्टरच्या घराजवळ आणखी एकाने त्या हरणावर गोळी झाडली. हरीण पडले, उठले, पुन्हा धावले. न्यूकर्कच्या कुत्र्याने त्याला धरले आणि जवळपास त्याच वेळी बस्टरने हरणाचा गळा चिरला. सकाळी न्यूकर्क दारात हजर. त्याने मांस आणि कातडे मागितले. बस्टरने मांस देऊन टाकले, पण कातडे द्यायला नकार दिला. प्रकरण न्यायालयात गेले ते या कातड्यासाठी.

खालच्या न्यायालयात न्यूकर्क जिंकला. वरच्या न्यायालयाने निकाल फिरवला. कारण साधे होते : संध्याकाळी न्यूकर्कने स्वतः पाठलाग सोडला होता. कुत्रे धावत होते, म्हणून हरीण त्याच्या ताब्यात आले, असे म्हणता येत नाही. हरणाला पळणे अशक्य व्हावे, अशी जखमही त्याने केलेली नव्हती.

केवळ पाठलाग केल्याने हक्क का मिळत नाही?

या निकालाचा पाया १७ वर्षे आधीच घातला गेला होता. न्यूयॉर्कमध्ये लाँग आयलंडच्या किनाऱ्यावर पोस्ट नावाचा एक जण कुत्रे घेऊन कोल्ह्याचा पाठलाग करत होता. पिअर्सनने ते डोळ्यांनी पाहिले, तरी मध्येच कोल्ह्याला मारून तो घेऊन गेला. 'पिअर्सन विरुद्ध पोस्ट' हा १८०५ चा निकाल आजही अमेरिकेतील विधी महाविद्यालयांत मालमत्तेच्या कायद्याचा पहिला धडा म्हणून शिकवला जातो.

न्यायमूर्ती डॅनियल टॉम्पकिन्स यांनी बहुमताचा निकाल लिहिला. पुढे ते अमेरिकेचे उपाध्यक्ष झाले. त्यांचे म्हणणे असे, की नुसते पाहणे, हेरणे, मागे धावणे यातून हक्क निर्माण होऊ लागला, तर भांडणांना अंत राहणार नाही. प्राण्याला प्राणघातक जखम केली किंवा तो सुटूच शकणार नाही अशा जाळ्यात अडकवला, तरच तो ताब्यात आला असे मानावे.

न्यायमूर्ती ब्रोकहोल्स्ट लिव्हिंगस्टन यांनी मात्र वेगळे मत नोंदवले. हा वाद न्यायालयाने नव्हे, तर शिकाऱ्यांनीच आपल्या रीतीनुसार सोडवायला हवा होता, असे ते म्हणाले. त्यांचा दुसरा मुद्दा व्यवहाराचा होता. कोल्हा उपद्रवी. त्याच्या मागे दिवसभर कुत्रे पळवायचे एकाने आणि शेवटच्या क्षणी उचलून न्यायचा दुसऱ्याने, असे होऊ लागले तर ही मेहनत कोण घेईल?

दोन्ही बाजूंत तथ्य आहे. पहिला नियम स्पष्ट आहे, वाद कमी करतो. दुसरा कष्टाला न्याय देतो, पण कोण किती जवळ पोहोचला होता, हे प्रत्येक वेळी सिद्ध करत बसावे लागते.

जखम कितपत गंभीर असली तर हक्क मानला जातो?

इथे निर्णायक शब्द आहे 'प्राणघातक'. अमेरिकेतील विस्कॉन्सिन राज्यात १९१४ मध्ये 'लिझनर विरुद्ध वॅनी' हा लांडग्याचा खटला गाजला. शिकाऱ्यांनी लांडग्याला प्राणघातक जखम केली होती आणि त्यांचा पाठलाग सुरू होता. लांडगा सुटण्याची शक्यता जवळपास संपली होती. तेवढ्यात तिसऱ्याने पुढे होऊन शेवटची गोळी घातली आणि लांडगा नेला. न्यायालयाने हक्क पहिल्यांचा मानला.

हे दोन खटले शेजारी ठेवले की नियम उलगडतो. लांडग्याच्या खटल्यात जखम प्राणघातक होती आणि पाठलाग सुरू होता. हरणाच्या खटल्यात या दोन्हींपैकी एकही गोष्ट नव्हती. म्हणजे नुसते रक्त काढल्याने हक्क मिळत नाही. जखम निर्णायक हवी आणि ती करणाऱ्याने माग सोडता कामा नये.

अमेरिकेतील हरणांच्या शिकाऱ्यांमध्ये आजही साधारण हाच संकेत चालतो. पहिली गोळी जीवघेणी असेल तर हरीण पहिल्याचे, मग शेवट कोणीही करो. पहिली गोळी पायाला चाटून गेली असेल आणि दुसऱ्याच्या गोळीने हरीण पडले असेल, तर ते दुसऱ्याचे.

रीत आणि कायदा यांत फरक पडला तर?

काही धंद्यांत न्यायालयांनी पुस्तकी नियम बाजूला ठेवून रीतच मान्य केली. याचे गाजलेले उदाहरण देवमाशाचे आहे. अमेरिकेतील केप कॉडच्या समुद्रात फिनबॅक जातीच्या देवमाशावर स्फोटक भाला डागला की मासा मरून तळाशी जाई. काही दिवसांनी तो वर येऊन कुठल्या तरी किनाऱ्याला लागे. भाल्यावर मारणाऱ्याची खूण असे. ज्याला मासा सापडेल त्याने प्रॉव्हिन्सटाउनला निरोप धाडायचा, मालकाने येऊन चरबी काढून न्यायची आणि सापडणाऱ्याला थोडी बिदागी द्यायची, अशी रीत होती.

एकाने ही रीत न पाळता सापडलेला मासा लिलावात विकून टाकला. १८८१ च्या 'घेन विरुद्ध रिच' या खटल्यात न्यायालयाने मारणाऱ्याच्या बाजूने निकाल दिला. मासा त्याच्या ताब्यात कधीच आलेला नव्हता. पण ही रीत मानली नाही, तर या धंद्यात कोणी उतरणारच नाही, असे न्यायालयाचे म्हणणे होते.

मालक बाणाचा, मांस सगळ्यांचे. हे कुठे घडते?

आफ्रिकेतील कलाहारी वाळवंटात राहणाऱ्या जूहोआन्सी (सॅन) समाजाची रीत या सगळ्यांहून निराळी आहे. त्यांचे बाण विषारी असतात. बाण लागलेले मोठे हरीण लगेच मरत नाही. शिकारी अनेकदा दुसऱ्या दिवशी त्याचा माग काढत जातात. या शिकारीचा 'मालक' कोण? नेम धरणारा नव्हे, तर जो बाण आधी नीट लागला, त्या बाणाचा मालक.

गंमत अशी, की हे लोक एकमेकांना बाण भेट देतात, उसने देतात. त्यामुळे उत्तम नेमबाजाच्या भात्यात इतरांचेही बाण असतात. शिकार त्याने केली तरी मांस वाटण्याचा मान दुसऱ्याकडे, कधी एखाद्या वृद्धाकडे वा स्त्रीकडेही जातो. नेमबाजाने शेफारून जाऊ नये आणि मांस एका घरात अडकू नये, ही सोय या रीतीतच आहे. लोर्ना मार्शल आणि रिचर्ड ली या अभ्यासकांनी तिचे तपशीलवार वर्णन केले आहे.

ब्रिटिशकालीन भारतात कोणते संकेत होते?

ब्रिटिश अधिकारी आणि संस्थानिकांच्या काळात शिकार हा प्रतिष्ठेचा खेळ बनला आणि हक्काचा प्रश्न मांसाऐवजी मानाचा झाला. घोड्यावरून भाल्याने रानडुकराची शिकार करण्याच्या खेळात 'पहिला भाला' महत्त्वाचा असे. ज्याच्या भाल्याच्या टोकाला आधी रक्त दिसेल, त्याला मान आणि डुकराचे सुळे. डुक्कर शेवटी कोणी मारले, हे गौण. मेरठजवळची 'कादिर कप' ही या खेळातील सर्वांत प्रतिष्ठेची स्पर्धा. बालवीर चळवळीचे संस्थापक बेडन पॉवेल यांनी ती १८८३ मध्ये जिंकली होती.

वाघाच्या शिकारीतही पहिल्या रक्ताचा संकेत होता. ज्याची गोळी आधी लागली, कातडे त्याचे. या संकेताची वाईट बाजू उघड आहे. कातडे पहिल्या गोळीला मिळणार म्हटल्यावर लांबून, घाईने गोळी झाडण्याचा मोह होतो. जखमी वाघ निसटला की त्याची किंमत मोजतात ते हाकारे घालणारे गावकरी. म्हणूनच याला जोडून दुसरा, अधिक कडक संकेत होता : ज्याने वाघ जखमी केला, त्यानेच त्याच्या मागावर जाऊन त्याला संपवले पाहिजे. जखमी जनावर तसेच सोडून तंबूत परतणारा शिकारी नजरेतून उतरत असे.

हक्काबरोबर जबाबदारी कशी येते?

सगळ्या शिकारी समाजांत हा धागा समान दिसतो. पहिल्या जखमेचा हक्क सांगायचा असेल, तर त्या जनावरामागे जाण्याचे कर्तव्यही घ्यावे लागते. महाभारतात राजा परीक्षित आपल्या बाणाने जखमी झालेल्या हरणाच्या मागे दमून-भागून शमीक ऋषींच्या आश्रमात पोहोचतो. त्याचा प्रश्न एकच, जखमी हरीण इकडून गेले का? ऋषींचे मौन असते. राजा चिडून त्यांच्या गळ्यात मेलेला साप अडकवतो आणि पुढे शाप, तक्षक, मृत्यू असे सारे घडते. माग न सोडणे ही शिकाऱ्याची रीत राजाने पाळली. पण त्या भरात दुसरी मर्यादा मोडली.

आजच्या जर्मनीत ही जबाबदारी कायद्यातच आहे. तिथे शिकारीचा हक्क जमिनीशी जोडलेला आहे आणि प्रदेश ठरलेल्या क्षेत्रांत विभागलेला आहे. जखमी प्राण्याला विनाकारण वेदना होऊ नयेत यासाठी त्याला ताबडतोब संपवावे, असे संघीय शिकार कायदा सांगतो. पण जखमी हरीण शेजारच्या क्षेत्रात गेले, तर मागे जायला त्या क्षेत्राच्या हक्कदाराशी लेखी करार असावा लागतो. रक्ताचा माग काढण्यासाठी तिथे खास कुत्रे तयार केले जातात.

अमेरिकेत अनेक राज्यांत जखमी केलेले जनावर शोधण्याचा प्रामाणिक प्रयत्न न करणे हा गुन्हा आहे. मात्र ते दुसऱ्याच्या खासगी जमिनीत गेले तर आत जाता येते का, याचे नियम राज्यागणिक बदलतात. अनुभवी शिकारी तर सांगतात, की गोळी लागल्यावर लगेच मागे धावू नये. निदान अर्धा तास थांबावे. पाठलाग होत नाही असे वाटले तर जखमी हरीण जवळच बसते. घाई केली तर ते लांबवर जाऊन तडफडत मरते आणि कोणालाच सापडत नाही.

महाराष्ट्रात शिकारीच्या रीती होत्या का?

होत्या. फासे लावून हरणे पकडणाऱ्या फासेपारधी समाजात फाशात अडकलेली गाभण हरिणी आणि पाडसे सोडून देण्याची रीत होती, अशी नोंद माधव गाडगीळ आणि कैलाश मल्होत्रा यांच्या अभ्यासात आहे. पुढच्या वर्षी रानात हरीण उरले पाहिजे, हे ज्याचे पोट रानावर आहे, त्याला कळत होते.

पण आज या रीतींच्या आधारे शिकार करता येत नाही. वनहक्क कायदा, २००६ ने आदिवासी आणि पारंपरिक वननिवासींचे अनेक परंपरागत हक्क मान्य केले. मात्र शिकार करणे, फासे लावणे आणि वन्यप्राण्याच्या शरीराचा भाग काढणे हे त्यातून स्पष्टपणे वगळले आहे.

भारतातील आजचा कायदा काय सांगतो?

वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ मधील चार तरतुदी या प्रश्नापुरत्या महत्त्वाच्या आहेत.

पहिली, शिकारीची व्याख्या. कलम २ नुसार शिकार म्हणजे केवळ मारणे नव्हे. पकडणे, जखमी करणे, पाठलाग करणे, फासे लावणे, हाकारणे, आमिष दाखवणे आणि यांपैकी कशाचाही प्रयत्न करणे म्हणजेही शिकारच. न्यूकर्क आणि बस्टर यांच्यापैकी जखमी कोणी केले आणि मारले कोणी, हा वाद भारतात मालकीपुरता निरर्थक ठरतो. इथे दोघेही आरोपी असतील.

दुसरी, मालकी. कलम ३९ नुसार बेकायदा शिकार झालेला, मृत सापडलेला किंवा चुकून मारला गेलेला वन्यप्राणी ही सरकारी मालमत्ता असते. त्याचे मांस, कातडे, शिंगेही त्यात आली. स्वसंरक्षणासाठी प्राणी मारावा किंवा जखमी करावा लागला, तर कलम ११ नुसार तो गुन्हा ठरत नाही. पण तो प्राणीही सरकारचाच, असे त्याच कलमात म्हटले आहे.

तिसरी, कळवण्याची मुदत. असा प्राणी किंवा त्याचा भाग ज्याच्या हाती येईल, त्याने ४८ तासांच्या आत जवळच्या पोलीस ठाण्यात किंवा अधिकृत अधिकाऱ्याकडे माहिती द्यायची आणि मागणी होताच ती वस्तू सुपूर्द करायची. परवानगीशिवाय जवळ ठेवणे, कोणाला देणे किंवा नष्ट करणे चालत नाही.

चौथी, पुराव्याचा भार. एखाद्याकडे वन्यप्राणी, मांस किंवा कातडे सापडले, तर तो ताबा बेकायदा आहे असे कलम ५७ नुसार गृहीत धरले जाते. तसे नाही, हे सिद्ध करण्याची जबाबदारी आरोपीवर असते. 'मी मारले नाही, मला सापडले' हे सांगणे म्हणूनच पुरेसे ठरत नाही.

शिक्षा किती?

२०२२ च्या दुरुस्तीनंतर, जी १ एप्रिल २०२३ पासून लागू झाली, सर्वसाधारण गुन्ह्यांसाठी तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतात. प्राणी पहिल्या अनुसूचीतील असेल, किंवा शिकार अभयारण्यात अथवा राष्ट्रीय उद्यानात झाली असेल, तर किमान तीन आणि कमाल सात वर्षे कैद आणि किमान २५ हजार रुपये दंड आहे. महाराष्ट्राच्या माळरानांवर दिसणारे काळवीट आणि चिंकारा हे दोन्ही पहिल्या अनुसूचीत आहेत.

जखमी हरीण दिसल्यास काय करावे?

आज बहुतेक जखमी हरणे शिकाऱ्याच्या गोळीने नव्हे, तर वाहनाची धडक, मोकाट कुत्र्यांचा हल्ला, उघड्या विहिरी किंवा तारेची कुंपणे यांमुळे आपल्यासमोर येतात. अशा वेळी पुढील गोष्टी लक्षात ठेवाव्यात.

- महाराष्ट्र वन विभागाच्या १९२६ या टोल-फ्री क्रमांकावर कळवावे. नेमके ठिकाण, जवळची खूण आणि प्राण्याची अवस्था सांगावी. वन विभागाशी संपर्क झाला नाही, तर जवळच्या पोलीस ठाण्याला कळवावे.
- कुत्र्यांना हुसकावून लावावे, पण हरणाभोवती गर्दी करू नये. हरीण हा अतिशय भित्रा प्राणी आहे. पाठलाग, पकडापकडी आणि आरडाओरडा यांच्या धक्क्यानेही ते दगावू शकते. मोबाइल घेऊन जवळ जाणे टाळावे.
- तोंडात बळेच पाणी ओतू नये. स्वतःच्या मनाने औषध देऊ नये.
- गवतात एकटे बसलेले पाडस अनाथ असेलच असे नाही. हरिणी पाडसाला लपवून चरायला जाते आणि परत येते. जखम किंवा धोका दिसत नसेल, तर लांबूनच लक्ष ठेवावे आणि वन विभागाला विचारावे.
- हरीण मेले असेल, तरी त्याला हात लावू नये. मांस वाटून घेणे तर दूरच, शिंग आठवण म्हणून नेणेही गुन्हा आहे.
- दयेपोटी घरी नेलेले हरीण पाळता येत नाही. तातडीने हलवावेच लागले, तर लगेच कळवावे आणि वनकर्मचाऱ्यांच्या ताब्यात द्यावे.

मग जुन्या संकेतांचा आज उपयोग काय?

मनूने हक्क बाण मारणाऱ्याला दिला, जस्टिनियनने पकडणाऱ्याला, लोम्बार्ड राजाने वाटून दिला, कलाहारीत तो बाणाच्या मालकाकडे गेला. आपल्या कायद्याने हा हक्क सर्वांकडूनच काढून घेतला आहे. पण शिकारीच्या संकेतांतील दुसरा भाग, म्हणजे जखमी जनावराला तसेच टाकून जायचे नाही, हा कायद्याने रद्द केलेला नाही. पूर्वी ते कर्तव्य बाण मारणाऱ्याचे होते. आता ज्याला हरीण दिसेल, त्याचे आहे. आपल्या गाडीची धडक बसून हरीण झुडपात दिसेनासे झाले, तर पुढे निघून न जाता गाडी थांबवणे, जागा लक्षात ठेवणे आणि १९२६ वर फोन करणे, इतकेच ते कर्तव्य आहे.